मांडी, नस आणि शेजारची टेबलं

शुक्रवार, रात्री

आज मेंढीची मागची मांडी सोडवायला शिकले. मांस कापायला ताकद लागते असं बाहेरून वाटतं, पण लागते ती नजर. दोन स्नायूंच्या मध्ये पांढरट पापुद्रा असतो. त्यावरून सुरीचं टोक अलगद फिरवलं की स्नायू आपसूक सुटत जातात. सांध्यातही हाडाशी झगडायचं नाही, अंगठ्याने फट चाचपायची आणि पातं तिथून न्यायचं. हातात स्टीलच्या कड्यांचा हातमोजा, आणि अधूनमधून सुरी निर्जंतुक करायला ८२ अंशांच्या गरम पाण्यात.

मांडीत जाडसर, पांढरी नस लागली, रक्ताची नव्हे, मज्जातंतूची. शेजारच्या टेबलावरचे ज्येष्ठ सहकारी ज्यू आहेत. ते म्हणाले, "ही नस आम्हाला वर्ज्य. ती नीट काढल्याशिवाय मागचा भाग चालत नाही." त्यांच्याकडे कत्तलीआधी पात्याची धार नखावर फिरवून तपासतात. बारीकशी खाच लागली तरी ती सुरी चालत नाही.

पलीकडे मुस्लिम सहकारी. जनावरादेखत सुरी पाजळायची नाही, एकासमोर दुसरं कापायचं नाही, आणि अल्लाहचं नाव घेतल्याशिवाय सुरी चालवायची नाही, हे तो लहानपणापासून ऐकत आलाय. त्याच्या समोर काम करणारा शीख मित्र फक्त झटक्याचं खातो, एका घावातलं. दोघं एकमेकांच्या डब्यातलं मांस खात नाहीत. सुऱ्यांना धार मात्र आळीपाळीने एकमेकांच्या लावून देतात. इथिओपियाच्या ताई ऑर्थोडॉक्स ख्रिश्चन, त्यांचा आज उपवास. बुधवारी आणि शुक्रवारी मांस, दूध, अंडी काही नाही. दिवसभर हात मांसात, तरी त्यांना त्याचं काही वाटत नाही.

दुपारच्या वर्गात पीएच, म्हणजे आम्लतेचं माप, शिकवला. तो जितका कमी, तितकं आम्ल जास्त. जनावर भेदरलं, दमलं, तर स्नायूंतलं ग्लायकोजेन, म्हणजे साठवलेली साखर, आधीच संपतं, मग आम्ल पुरेसं बनत नाही. एरवी कत्तलीनंतर ७ वरून ५.५ च्या आसपास उतरणारा पीएच ६ च्या वर अडकतो. मांस काळपट, चिकट होतं आणि लवकर खराब होतं. मला राहून राहून वाटत होतं, हा तास त्या मुस्लिम सहकाऱ्यालाच सुरू करू द्यायला हवा होता. त्याच्या घरचा नियम दयेपोटी आहे, पीएचसाठी नाही, आणि म्हणूनच मला तो जास्त पटला.

सोमवारी खांदा. त्यातलं चपटं हाड अख्खं कसं काढायचं, ते ताई दाखवणार आहेत.