कढीपत्ता काढला तेव्हापासून

जून संपत आला होता आणि पावसाचा पत्ता नव्हता. जुळे सोलापुरातून अण्णांचा फोन आला. "मालक, तुम्ही सांगितलं तसं पाणी दिलं, युरिया पण टाकला. झाड जास्तच पिवळं पडलं. एकदा येऊन बघून जावा."

पंधरा दिवसांपूर्वी त्यांनी मोबाईलवर फोटो पाठवला होता. अंगणात आपोआप उगवलेलं झाड, चार वर्षांचं, छातीच्या वर उंच. पानं समोरासमोर दिसली, मी सांगून टाकलं की बारतोंडी असेल, उन्हाचा त्रास आहे, पाणी वाढवा. बावीस वर्षं नर्सरी चालवणाऱ्या माणसानं फोटोवरून नाव सांगू नये. ते मला अजून बोचतंय.

दुपारी गेलो. पान हातात घेतल्याबरोबर बारतोंडी बाद झाली. बारतोंडीच्या समोरासमोरच्या दोन देठांमध्ये छोटं उपपर्ण, म्हणजे पानासारखी बारीक पापडी असते, इथं ती नव्हती. देठ मोडला, चीक आला नाही, म्हणजे कुडाही नव्हे. पान चुरगळलं तर जांभळीसारखा वास नाही, कसलाच वास नाही. पान पातळ, वरून चकचकीत, खालून पांढुरकं, फांद्या बारीक आणि खाली झुकलेल्या. शेंड्याजवळ एक सुकत आलेला फुलांचा झुपका होता. चार पाकळ्यांचं, तांदळाएवढं, काळपट लाल फूल. तेव्हा मनात नाव आलं, पण एकदा चुकलो होतो, म्हणून खात्री होईपर्यंत बोललो नाही.

अण्णांना विचारलं, "इथं शेजारी आधी काही होतं का?"

"कढीपत्ता होता की मोठा. गाडी लावायला जागा नव्हती, मे महिन्यात काढला. आता पेव्हर ब्लॉक बसवायलेत."

खुरपं मागून घेतलं आणि बुंध्यापासून हातभर अंतरावर हळूहळू माती सैल केली. हे काम घाईनं करता येत नाही, खुरप्याचं टोक आडवं धरून माती नुसती खरवडायची आणि बाकी बोटांनी. वीतभर खाली कढीपत्त्याचं मेलेलं मूळ लागलं, आणि त्याला चिकटलेल्या छोट्या चपट्या गाठी. एकेक गाठ मसुरीच्या डाळीएवढी. प्रत्येक गाठीतून एक बारीक मूळ निघून त्या झाडाकडे गेलेलं. मी आमच्या रोपांच्या पिशव्या फोडताना हे शेकडो वेळा पाहिलंय. चंदन.

चंदनाची पानं हिरवी असतात, अन्न ते स्वतः तयार करतं, पण पाणी आणि खनिजं बऱ्याच प्रमाणात शेजारच्या झाडाच्या मुळातून ओढतं. अर्धपरजीवी म्हणतात त्याला. आम्ही बी रुजावं म्हणून ते रात्रभर जिबरेलिक ॲसिडच्या पाण्यात भिजवून लावतो आणि रोप उभं राहिलं की मुळांना शेजार हवा म्हणून त्याच पिशवीत तुरीचे दोन दाणे टोचतो. अलीकडे 'चंदन लावा, कोट्यधीश व्हा' म्हणून रोपं विकणारे फिरतात, ते शेतकऱ्याला शेजारी काय लावायचं याबद्दल एक अक्षर सांगत नाहीत. वर्षभरात रोपं वाळतात आणि शेतकरी स्वतःच्याच जमिनीला नावं ठेवतो. याचा मला फार राग येतो.

ते तिथंच का उगवलं हेही उलगडलं. कढीपत्त्याची काळी फळं खायला बुलबुल येतात. चंदनाची फळंही त्यांना आवडतात. कुठून तरी खाऊन आलेल्या पाखरानं बी टाकलं ते नेमकं यजमानाच्या, म्हणजे ज्याच्या मुळातून ते पाणी ओढणार त्या कढीपत्त्याच्या पायाशी.

आणि मग माझ्याकडून दुसरी चूक झाली. आनंदाच्या भरात मी मोठ्यानं म्हणालो, "अण्णा, चंदन आहे हो तुमच्या दारात!" ब्लॉक बसवणारी दोन पोरं थांबली. शेजारचे गृहस्थ गेटातून आत आले आणि त्यांचा पहिला प्रश्न, "किलोला काय भाव आहे?" मी सांगितलं की आत्ता यात गंध नाही, खोडातला सुगंधी गाभा भरायला दहा-पंधरा वर्षं लागतात. कुणाला पटलेलं दिसलं नाही.

अण्णांच्या आईचं माहेर कर्नाटकातल्या इंडीकडचं. त्या ओट्यावर बसून ऐकत होत्या. "श्रीगंध?" कानडीतलं चंदनाचं नाव घेऊन एवढंच विचारलं आणि म्हणाल्या, "उपटून टाक बाळा. आमच्याकडं दारात उगवलं तर लहान असतानाच उपटायचे." त्यांची भीती उगीच नव्हती. कर्नाटकात 2001 पर्यंत कुणाच्याही जमिनीतलं चंदन सरकारच्या मालकीचं असायचं. आपल्याकडे मालकी आपली असली तरी 1964 च्या झाडे तोडण्याच्या कायद्यातल्या संरक्षित झाडांच्या यादीत चंदन आहे आणि शहरात महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाच्या परवानगीशिवाय तोडता येत नाही. हे सांगून आजींचं समाधान झालं नाही. चोराला कायदा कशाला लागतो, हा त्यांचा सवाल होता आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं.

युरिया बंद करायला लावला. आळ्यात साचलेलं पाणी काढून टाकलं, साचलेलं पाणी चंदनाला सोसत नाही. भिंतीलगत कढीपत्त्याचे दोन फुटवे वाचले होते. त्यांच्यावर ब्लॉक बसवू दिला नाही. बुंध्याभोवती तूर टोकली.

ऑगस्टच्या शेवटी फोटो आला. पोपटी पालवी होती, तूर गुडघ्याच्या वर. मला बरं वाटलं, पण त्या दिवशीपासून एकच विचार डोक्यात आहे. चार वर्षं त्या झाडाला नाव नव्हतं, म्हणून ते निवांत वाढलं. अण्णांना ते कानात सांगायला हवं होतं.

परवा त्यांचा पुन्हा फोन. रात्री गेटापाशी कुणीतरी उभं असतं असं आईला वाटतं, म्हणून झाडाभोवती लोखंडी जाळी उभी करतोय, खांबाला दोन-दोन फुटांचे खड्डे घेऊ का?

म्हटलं, "घ्या, पण कढीपत्त्याच्या बाजूला एकही नको. मी उद्या येतो, तोवर पहार लावू नका."