पट्टा कडेने फाटतो

व्यायामाचा रबरी पट्टा सहसा मधोमध तुटत नाही. कडेला बारीक चीर पडते आणि दर ताणाला ती थोडी थोडी आत सरकते. हे मला एका निवृत्त वेटलिफ्टरनं शिकवलं, तेही भांडायला आले असताना.

मी आणि धाकट्या भावानं धंदा सुरू केला तेव्हा आमच्याकडे एक टाकी, एक भट्टी आणि उधारीवर आणलेला रबराचा चीक होता. चिकाचे पातळ थर एकावर एक चढवायचे, वाळवायचे, गंधकाच्या जोडीनं तापवून पक्के करायचे आणि पट्टे कापायचे. पहिली दोन वर्षं माल परत येत होता. तुटक्या पट्ट्यांचं एक पोतं दाराशी कायम पडलेलं असे. आम्ही कधी चिकाला दोष द्यायचो, कधी भट्टीला. त्या गृहस्थांनी ते पोतंच जमिनीवर उपडं केलं. म्हणाले, "ताई, सगळे कडेला गेलेत. तुमची सुरी बोथट आहे." सुरी बदलली आणि परत येणारा माल निम्म्यावर आला. पुढच्या महिन्यापासून माल तपासायला ते आमच्याकडेच आले. कारखान्यात सगळे त्यांना पैलवान म्हणतात. "मी कुस्ती कधी खेळलोच नाही," हे त्यांनी वर्षभर सांगून पाहिलं, मग सोडून दिलं.

स्वतःबद्दल ते फारसं बोलत नसत. जे कळलं ते तुकड्यातुकड्यांनी. एकतिसाव्या वर्षी खेळ सुटला. खांदा कामातून गेला होता, गुडघ्याची गादी झिजलेली. सराव थांबला, पण भूक सरावाच्या दिवसांचीच राहिली. पहाटे पाचला जाग यायची आणि जायला कुठंच नसायचं. खेळायची पिशवी त्यांनी पुढं वर्षभर भरलेलीच ठेवली होती. मला वाटायचं, हे एकट्याचं दुखणं असेल. पण आमची गिऱ्हाइकं म्हणजे खेळाडू, त्यांचे प्रशिक्षक, फिजिओ. विचारत गेले तसं कळलं की ही गोष्ट घरोघरची आहे. जिम्नॅस्टचा खेळ तर अनेकदा पंचविशीच्या आत आटोपतो. इतरांचं शिक्षण संपून नोकरी सुरू होते त्या वयात यांची कारकीर्द संपलेली असते, आणि दहा-पंधरा वर्षांत दुसरं काही शिकायला कुणी सवड दिलेली नसते. खाशाबा जाधवांनी १९५२ साली हेलसिंकीत ब्राँझ जिंकलं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्यांनाही पेन्शनसाठी झगडावं लागलं, आणि अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणोत्तर. मोठ्या नावाची ही गत, तर जिल्हा पातळीवर खेळलेल्यांचं काय ते सांगायला नको.

जंगल आमच्या दारात आलं ते एका फॉर्ममधून. युरोपीय संघानं २०२३ मध्ये जंगलतोडीविरुद्ध नियम केला, त्यात रबरही आहे. ३१ डिसेंबर २०२० नंतर तोडलेल्या जंगलाच्या जागेवरचा चीक त्यांना नको. एका खरेदीदारानं विचारलं, तुमचा चीक नेमका कुठल्या जमिनीवरचा? आमच्याकडे फक्त ड्रमचा नंबर होता. छोटे बागवाले एजंटला विकतात, एजंट चार जणांचा चीक एकत्र करतो, पुढं तो आणखी मिसळतो. दहा वर्षं ज्याच्यावर घर चाललं, ते कुठून येतं हे मला माहीत नव्हतं. लाज वाटली, खरं सांगते.

मग वाचत सुटले. रबराचं झाड मूळचं अ‍ॅमेझॉनच्या वर्षावनातलं. १८७६ मध्ये हेन्री विकहॅम या इंग्रजानं सुमारे ७०,००० बिया लंडनजवळच्या क्यू उद्यानात नेल्या. त्यातल्या तीन हजारसुद्धा रुजल्या नाहीत, पण जी रोपं पुढं श्रीलंका-मलायाकडे गेली त्यांच्यावर आशियातल्या बागा उभ्या राहिल्या. खुद्द अ‍ॅमेझॉनमध्ये मात्र बागा टिकेनात. जंगलात ही झाडं लांब लांब उभी असतात, म्हणून पानांवरच्या करप्याची बुरशी एकावरून दुसऱ्यावर सहज पोचत नाही. रांगेत लावली की सगळी बाग एकदम बसते. मोटारी बनवणाऱ्या हेन्री फोर्डनं १९२८ मध्ये तिथं अख्खी वसाहत वसवून पाहिली आणि शेवटी हात टेकले. आशियात ती बुरशी नव्हती, म्हणून तिकडे बागा फोफावल्या आणि त्यांच्यासाठी पुष्कळ वर्षावन तोडलं गेलं. तिकडे ब्राझीलमध्ये रबराचा चीक काढणारे चिको मेंडेस जंगल वाचवा म्हणून लढले. २२ डिसेंबर १९८८ ला त्यांच्या घरी त्यांना गोळी घातली. ते कळल्यावर मी दुसऱ्या दिवशी टाकीपाशी बराच वेळ नुसती उभी होते.

जंगल आणि खेळाडू दोन्हींसाठी फाउंडेशन काढायचं ठरलं तेव्हा वकील म्हणाले, एकच उद्देश ठेवा, वर्षावन आणि निवृत्त खेळाडू हे कडबोळं लोकांना कळणार नाही. भाऊही त्यांच्याच बाजूचा. मी अडून बसले. आमचा माल जंगलातून निघतो आणि खेळाडूच्या हातात संपतो, मग दोन्ही टोकांचं देणं आमच्याकडे लागतंच. शेवटी दस्तात दोन्ही उद्देश आले, पण दोन वेगळी खाती. एकाचा पैसा दुसऱ्याकडे वळवायचा नाही.

आणखी दोन गोष्टींवर मी हटून बसले. निधी नफ्यावर ठेवायचा नाही, विक्रीवर एक टक्का ठेवायचा. नफा कागदावर कसा गायब करायचा हे मलाही येतं. आणि पाच विश्वस्तांत घरचे दोनच, म्हणजे आम्हाला हवं ते आम्ही एकट्यानं मंजूर करू शकत नाही. हे कलम मला पहिल्याच वर्षी महाग पडलं.

झालं असं की 'एक पट्टा, एक झाड' अशी घोषणा मी विश्वस्तांना न विचारता छापून घेतली होती. बैठकीत वनशास्त्र शिकलेल्या विश्वस्त बाईंनी विचारलं, कुठलं झाड? कुठे? पाणी कोण घालणार? तीनपैकी एकाचंही उत्तर माझ्याकडे नव्हतं. त्यांनी अ‍ॅमेझॉनमधल्या मानाउस शहराजवळच्या प्रयोगाबद्दल सांगितलं. जीवशास्त्रज्ञ थॉमस लव्हजॉय यांनी १९७९ मध्ये तो सुरू केला. तिथं १, १० आणि १०० हेक्टरचे जंगलाचे तुकडे चहूबाजूंनी मोकळे झाले की त्यांच्यात काय होतं, हे वर्षानुवर्षं पाहिलं गेलं. कडेनं ऊन आणि कोरडा वारा शिरतो, जुनी मोठी झाडं आधी मरतात, मग कड आत सरकते. तुकडा जेवढा लहान तेवढं त्यात कडेचंच जंगल जास्त.

पैलवान तोवर गप्प होते. ते म्हणाले, "म्हणजे पट्ट्यासारखंच की."

घोषणा रद्द झाली आणि छापलेली खोकी रद्दीत गेली. आता त्या खात्यातून एकच काम चालतं. वर्षावनाच्या दोन तुकड्यांमधली पडीक पट्टी राखायची. गुरं आणि वणवा लांब ठेवला, तर शेजारच्या जंगलातून पक्षी-वटवाघळं बिया आणतात आणि पुष्कळ काम जंगल स्वतःच करतं. आमचा पैसा जातो तो तिथल्याच लोकांच्या पहाऱ्यावर, म्हणजे पगार, बूट, बॅटऱ्या, वणव्याच्या मोसमातली जादा माणसं. फोटो काढण्यासारखं त्यात काही नाही. पहिल्या वर्षीच्या फोटोत नुसतं गवत होतं.

खेळाडूंच्या खात्यात पैसा होता, अर्ज मात्र येईनात. सात महिन्यांत तीन. फॉर्ममध्ये पहिलाच रकाना 'सर्वोच्च कामगिरी' असा होता. पैलवानांनी तो खोडला. "जे गेलं तेच आधी विचारता," म्हणाले. त्या जागी आता 'सध्या दिवस कसा जातो?' एवढंच विचारतो. अर्ज वाढले. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतरचा व्यायाम, अर्धवट राहिलेली पदवी, हिशेबाचं शिक्षण अशा गोष्टींना मदत जाते. एका धावपटू बाईंनी फक्त महिनाभर कुणीतरी बोलायला हवं, एवढंच लिहिलं होतं. त्यासाठी समुपदेशक शोधायला आम्हाला दोन महिने लागले, याची मला अजून टोचणी आहे.

या वर्षी विक्री घसरली, त्यामुळे एक टक्काही लहान झाला. पहाऱ्याचे पगार थांबवता येत नाहीत. वणव्याचा मोसम आमच्या ताळेबंदासाठी थांबत नाही. खेळाडूंचे चार अर्ज पुढच्या तिमाहीवर गेले आणि ते कळवण्याचं काम पैलवानांनी स्वतःकडे घेतलं. पत्र नको, फोन करतो म्हणाले. काल संध्याकाळी चौथा फोन चालू होता तेव्हा मी कुलूप घेऊन दारात उभी होते. चाळीस मिनिटं झाली तरी ते बोलतच होते, आणि दुसऱ्या हातानं नव्या पट्ट्याची कड चाचपत होते.