ड्रिलचा चक आणि उलट्या आट्यांचा स्क्रू
आज फळी बसवायला भोकं पाडत होतो. दुसऱ्याच भोकाला बिट (भोक पाडणारी टोकदार दांडी) भिंतीत अडकला आणि मशीन नुसतंच फिरत राहिलं. चक, म्हणजे तीन जबड्यांनी बिट पकडणारं ड्रिलचं तोंड, हाताने कितीही आवळा, दोन मिनिटांत पुन्हा ढिला. बिट काढून पाहिला तर दांड्यावर गोल गोल चकचकीत ओरखडे. म्हणजे तो जबड्यांत घसरत होता.

आधी बॅटरी काढली. (हे विसरू नका, बोट ट्रिगरवर कधी पडेल सांगता येत नाही.) चक पूर्ण उघडून तोंड खाली करून टकटक केलं, तर सिमेंटची बारीक पूड भुरभुर खाली आली. कितीतरी दिवसांची साचलेली! तिन्ही जबडे ब्रशने साफ केले, तेलाचा एकच थेंब सोडला, चार-पाच वेळा उघडझाप केली.

पण चक थोडा डुगडुगतही होता. टॉर्च मारून आत पाहिलं. तळाशी चकला स्पिंडलवर (मोटर फिरवते त्या दांड्यावर) धरून ठेवणारा एक स्क्रू असतो. त्याचे आटे उलटे असतात, ड्रिल उलटं फिरवताना चक सुटून येऊ नये म्हणून. घड्याळाच्या काट्यांच्या विरुद्ध दिशेने फिरवला की तो आवळतो. माझा जवळजवळ अर्धा फेरा ढिला होता. ज्याने कुणी ही युक्ती पहिल्यांदा योजली, त्याच्याबद्दल मला मनापासून आदर वाटला.

मग बिट तिन्ही जबड्यांच्या बरोबर मधोमध धरून चक आवळला. उरलेली ६ भोकं सलग पाडली, बिट जरासुद्धा हलला नाही. फळी संध्याकाळीच भिंतीवर चढली.