पाणी अडवायचे की जिरवायचे?

दक्षिण इंग्लंडमधील एका कौन्सिलच्या नियोजन विभागात मी काम करतो. माझ्याकडे आलेला एक अर्ज समितीने फेटाळला आणि प्रकरण आता अपिलात गेले आहे. निर्णय चुकला की बरोबर आला, याचे उत्तर माझ्यापाशी आहे. पण तो ज्या कारणावर आला, ते कारण माझ्या मनातून जात नाही.

अर्ज साधा होता. सबस्टेशनला लागून असलेल्या शेतात वीज साठवणाऱ्या लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटऱ्यांचे सुमारे पन्नास कंटेनर, इन्व्हर्टर आणि कुंपण. रस्त्यापलीकडे ‘नॅशनल लँडस्केप’ची, म्हणजे निसर्गसौंदर्यासाठी कायद्याने जपलेल्या प्रदेशाची, हद्द सुरू होते. 2030 पर्यंत 23 ते 27 गिगावॉट बॅटरी साठवण उभी करण्याचे ब्रिटन सरकारचे उद्दिष्ट आहे, आणि डिसेंबर 2020 पासून असा प्रकल्प इंग्लंडमध्ये कितीही मोठा असला तरी त्याची नियोजन परवानगी स्थानिक कौन्सिलच देते. म्हणजे राष्ट्रीय वीजजाळ्याचा प्रश्न आमच्यासारख्या, माणसे अपुरी असलेल्या कार्यालयाच्या टेबलावर येऊन पडतो. हद्दीच्या आत मोठा प्रकल्प अपवादात्मक परिस्थितीतच मंजूर होऊ शकतो. हद्दीबाहेर मात्र सगळा मामला तारतम्याचा. पश्चिम घाटाच्या संवेदनक्षेत्राचा पहिला मसुदा 2014 मध्ये आणि सहावा 2024 मध्ये निघाला, हे पाहून पूर्वी मला हसू येत असे. पण त्या मसुद्यांत काय चालणार नाही याची यादी तरी आहे. इथे अशी यादी नाही.

हे शेत चॉकच्या, म्हणजे पांढऱ्या मऊ चुनखडीच्या, खडकावर आहे. तो खडक भेगाळलेला असतो, पाणी त्यातून झपाट्याने खाली उतरते, आणि खालच्या जलधरातून आसपासच्या गावांना पिण्याचे पाणी मिळते. शेत त्या विहिरींच्या संरक्षण क्षेत्रात येते. पावसाचे पाणी जागच्या जागी जमिनीत मुरवावे, हे आमचे सर्वसाधारण धोरण. अर्जदाराच्या अभियंत्याने त्याप्रमाणे सुबक जिरवणतळे आखले होते आणि पूरनियंत्रण विभागाने त्याला संमतीही दिली होती.

दुसरीकडे नॅशनल फायर चीफ्स कौन्सिल या अग्निशमन प्रमुखांच्या संघटनेची बॅटरी केंद्रांसाठीची 2022 ची मार्गदर्शिका मिनिटाला किमान 1,900 लिटर पाणी सलग दोन तास उपलब्ध असावे असे सांगते. हे झाले 2 लाख 28 हजार लिटर. पेटलेला कंटेनर या पाण्याने विझेलच असे नाही. बरेचदा तो जळू देतात आणि शेजारचे थंड ठेवतात. लिव्हरपूलला सप्टेंबर 2020 मध्ये बॅटरी केंद्राला आग लागली, तेव्हा अग्निशमन दल दोन दिवसांहून अधिक काळ तिथे होते. अशा आगीत हायड्रोजन फ्लोराइड बाहेर पडू शकतो आणि पाण्यात विरघळला की त्याचे आम्ल होते. ते पाणी वाहत जाणार कुठे, तर त्याच सुबक जिरवणतळ्यात. ‘पाणी अडवा, पाणी जिरवा’ ही घोषणा भिंतीभिंतींवर वाचत मी लहानाचा मोठा झालो. या शेतात त्या दोन गोष्टी एकमेकींच्या मुळावर उठल्या होत्या.

इतर बाबतींतही तेच. भूदृश्य सल्लागाराला कंटेनर झाकणारी दाट झाडी हवी होती. मार्गदर्शिका युनिटपासून दहा मीटरपर्यंत पेट घेईल अशी झाडी नको म्हणते. वाऱ्याची दिशा बदलली तरी बंब आत जावा म्हणून दोन प्रवेशमार्ग हवेत; दुसरा मार्ग जुन्या झाडकुंपणाला भगदाड पाडल्याशिवाय निघत नव्हता आणि जैवविविधता अधिकारी त्याला, योग्यच, तयार नव्हत्या. प्रत्येकाचे पत्र आपापल्या जागी बिनचूक होते. पत्रे एकमेकांशेजारी ठेवून वाचणे मात्र कुणाच्याच कामात बसत नाही. अग्निशमन दलाचे मत घेण्यास सरकार प्रोत्साहन देते, बंधन घालत नाही. त्यांचे उत्तर आले ते मार्गदर्शिकेतले परिच्छेद जसेच्या तसे उतरवून.

जिरवणतळ्याऐवजी अस्तर लावलेला, झडप असलेला बंदिस्त हौद आराखड्यातच दाखवल्याशिवाय अर्ज समितीपुढे नेऊ नये, असे माझे मत होते. वरिष्ठांचे म्हणणे पडले की हा तपशील मंजुरीला जोडलेल्या अटीत नंतर मागता येतो. तशी प्रथा आहे खरी, आणि पर्यावरण यंत्रणाही अटीवर राजी होती. शिफारस मंजुरीची गेली.

समितीत दोन तास चर्चा झाली ती टेकडीवरच्या पायवाटेवरून कंटेनर दिसतील का, याची. हिरवा रंग किती गडद असावा यावर वीस मिनिटे गेली. एका रहिवाशाने जानेवारी 2025 मधील, कॅलिफोर्नियातल्या मॉस लँडिंग बॅटरी केंद्राच्या आगीची छायाचित्रे दाखवली. तिथल्या बॅटऱ्या वेगळ्या रसायनाच्या आणि इमारतीच्या आत रचलेल्या होत्या, हे मी सांगितले, ते कुणाला फारसे आवडले नाही. त्याच आगीनंतर जवळच्या खाडीकाठच्या मातीत निकेल, कोबाल्ट आणि मँगनीज वाढलेले आढळले, हेही मी सांगितले. त्यावर प्रश्न आला नाही. दृश्यसौंदर्याला बाधा एवढ्या एकाच कारणावर अर्ज फेटाळला गेला.

आता अपिलात कौन्सिलला ते कारण राखायचे आहे, आणि ते टिकेल असे मला वाटत नाही. मंजुरी मिळालीच तर लागू होतील अशा अटींचा मसुदाही नियमाप्रमाणे आम्हीच द्यायचा असतो. त्यात मी हौदाचे घनमीटर, वर त्या काळातला पाऊस, आणि धोक्याची सूचना मिळताच आपोआप बंद होणारी झडप असे लिहिले. अर्जदाराच्या सल्लागाराने आकडा खोडून ‘पुरेशी क्षमता’ असे सुचवले. अट काटेकोर असली पाहिजे हा अटींच्या सहा कसोट्यांपैकीच एक कस आहे, एवढे समासात नोंदवून मी आकडा परत घातला. दोन तासांचा हिशोब धरावा की लिव्हरपूलसारखा दोन दिवसांचा, यावर विभागात अजून एकमत नाही.