उणे 185 अंशांनी नेमकं काय सुधारलं?

बंदुकीचे सप्रेसर (आवाज दाबणारी जोडणी) बनवणाऱ्या एका ग्राहकाचं म्हणणं होतं की क्रायो केलेले, म्हणजे उणे 185 अंशांपर्यंत गार केलेले बॅफल (सप्रेसरमधले वायू अडवणारे आडपडदे) जास्त कडक निघतात. आकडेही होते: 17-4 पीएच या स्टेनलेस स्टीलचा क्रायो केलेला लॉट 43 एचआरसी (कडकपणाचं रॉकवेल सी माप), न केलेला 38-39. या मटेरियलला एच-900 कंडिशनमध्ये (482 अंशांना तासभर तापवून कडक केल्यावर) किमान 40 लागतात, म्हणजे दुसरा लॉट चक्क नापास. टेक्सासमधल्या आमच्या हीट ट्रीटमेंट शॉपमध्ये याचा छडा लावायचं ठरलं. अमेरिकी कायद्यात सप्रेसरचा सुटा भागही सप्रेसरच धरतात, त्यामुळे बॅफल न मागवता त्याच बारमधून कापलेल्या साध्या चकत्या घेतल्या.

17-4 पीएच 1038 अंश सेल्सिअसवरून थंड होताना साधारण 132 अंशांना त्यातल्या ऑस्टेनाइटचं (तापलेल्या अवस्थेतली मऊ रचना) मार्टेन्साइट (कडक रचना) बनायला लागतं. ते पुरं व्हायला धातू 32 अंशांच्या खाली यावा लागतो. सगळी मेख या 32 मध्ये होती. टेक्सासच्या उन्हाळ्यात शेडच चाळिशीला टेकलेली असते. ग्राहकाच्या जुन्या लॉटची नोंद पाहिली, तर बास्केट हवेत जरा निवली की थेट एजिंगच्या, म्हणजे कडक करण्यासाठी पुन्हा तापवायच्या भट्टीत. कडेचे नग कोमट, मधले हातमोज्याशिवाय न उचलता येणारे. अशा नगांत ऑस्टेनाइट शिल्लक राहतं, आणि एजिंगने ते कडक होत नाही. क्रायोचा लॉट मात्र एजिंगच्या आधी उणे 185 ला जाऊन आला होता.

म्हणून चकत्यांचे तीन गट केले. पहिला 60 अंशांवरच धरून ठेवला. दुसरा नायट्रोजनच्या चेंबरमध्ये, उणे 185 ला 24 तास. तिसरा हाताला सोसेल इतका निवल्यावर बर्फाच्या पाण्यात, गाभा गार होईपर्यंत. मग तिन्ही एकाच भट्टीत, 482 अंशांना एक तास. पहिला गट 38 ते 40 मध्ये विखुरला. दुसरा आणि तिसरा दोन्ही 43!

क्रायोचा गुण म्हणून जे मोजलं जात होतं, ते अर्धवट हीट ट्रीटमेंटची भरपाई होती. शिवाय क्रम चुकवून एजिंगनंतर क्रायो केलं, तर नवं मार्टेन्साइट एजिंगविनाच राहतं.

डी-2 सारख्या टूल स्टीलमध्ये (हत्यारांच्या पोलादात) क्रायोचा फायदा खरा आहे, कारण हार्डनिंगनंतर त्यात बरंच ऑस्टेनाइट उरतं. इन्कोनेल 718 (निकेलचा मिश्रधातू) किंवा टायटॅनियम ग्रेड 5 मध्ये तसं रूपांतर व्हायला काही नसतंच. आणि बॅफल मरतो तो उष्णतेने. बंदुकीच्या नळीलगतच्या पहिल्या बॅफलवर तापलेला वायू आणि काडतुसातल्या न जळलेल्या दारूचे कण आदळतात. सलग गोळीबारात 17-4 पीएच 482 च्या वर गेलं की ओव्हरएज होऊन (एजिंग प्रमाणाबाहेर जाऊन) मऊ पडायला लागतं, मग आधी ते कितीही गार केलेलं असो. सप्रेसरसाठी क्रायोवर पैसे घालू नयेत, असं माझं ठाम मत आहे. त्या पैशांत पहिला बॅफल इन्कोनेल 718 किंवा स्टेलाइट 6 (कोबाल्टचा मिश्रधातू) चा करावा.

ग्राहकाच्या रूट कार्डवर (कामाच्या टप्प्यांची यादी) आम्ही एक ओळ वाढवून दिली: बास्केटच्या मधल्या नगाला थर्मोकपल (तापमान मोजणारी तार) लावा, 32 च्या खाली आल्याशिवाय एजिंग नाही.