मान उघडून बघितली तेव्हा

शवविच्छेदनाच्या टेबलावर डुकराची पाच पिल्लं होती, सहा-सात आठवड्यांची. आदल्या दिवशी दुपारपर्यंत दूध सोडलेल्या पिल्लांच्या शेडमध्ये धापा टाकत होती. कानांची टोकं निळी-जांभळी. छाती उघडली की निरोगी फुफ्फुस लगेच खाली बसतं. यांची बसली नाहीत. फुगलेलीच राहिली, त्यांवर बरगड्यांचे वळ उमटलेले, रंग मातकट आणि ठिपक्याठिपक्यांचा. अंगठ्याने दाबलं की रबरासारखं परत वर यायचं. एकाच्या हृदयावर पिवळट जाळ्या. त्या जिवाणूंनी केलेल्या.

पीआरआरएस, डुकरांचा विषाणूजन्य आजार, असणार हे तेव्हाच वाटलं, पुढे प्रयोगशाळेनेही तेच सांगितलं. हा आजार १९८०च्या दशकाच्या शेवटी अमेरिकेत पहिल्यांदा लक्षात आला. कारण सापडेना म्हणून त्याला गूढ आजारच म्हणायचे. विषाणू हाती लागला तो १९९१ मध्ये, नेदरलँड्समधल्या लेलिस्टाडला. माणसाला तो होत नाही. विषाणूचा सौम्य स्ट्रेन, म्हणजे उपप्रकार, असेल तर शेवटच्या दिवसांतल्या गाभण माद्या गाभडतात, पिल्लं मागे पडतात, काही दगावतात, आणि काही महिन्यांनी कळप सावरतो.

जहाल स्ट्रेनचं तसं नसतं. २००६ मध्ये चीनमध्ये तो पसरला तेव्हा ताप ४१ अंशांच्या वर जायचा आणि चांगली वाढलेली डुकरंसुद्धा मरायची. वीस लाखांहून जास्त डुकरं आजारी पडली, त्यातली सुमारे चार लाख गेली. त्या स्ट्रेनच्या एका प्रथिनातली ३० अमिनो आम्लं, म्हणजे प्रथिनाच्या साखळीतल्या कड्या, गायब होती, म्हणून सगळ्यांनी जहालपणाचं कारण तिथेच शोधलं. पुढे प्रयोगांत दिसलं की ती गायब असण्यामुळे विषाणू जहाल होत नाही. ती फक्त त्याची ओळखखूण. मला हे फार महत्त्वाचं वाटतं, कारण अहवालात अशी खूण दिसली की आपण लगेच निष्कर्ष काढून मोकळे होतो.

विषाणू शिरतो तो फुफ्फुसातल्या मॅक्रोफेज पेशींत. धूळ, जिवाणू, मेलेल्या पेशी गिळून फुफ्फुस साफ ठेवणाऱ्या याच पेशी. त्यांच्यावरच्या सीडी१६३ नावाच्या प्रथिनाशिवाय त्याला आत जाता येत नाही, आणि म्हणूनच जनुक-संपादनाने ते प्रथिन काढलेली डुकरं या विषाणूला दाद देत नाहीत. जहाल स्ट्रेन रक्तात जास्त प्रमाणात वाढतो, जास्त ठिकाणी पोचतो. या पहारेकरी पेशीच मेल्या की नाकाघशात एरवी गुपचूप राहणारे स्ट्रेप्टोकॉकससारखे जिवाणू खाली उतरतात.

शेड सांभाळणारे काका दारात उभे होते. म्हणाले, "डॉक्टर, अँटिबायोटिक तर पहिल्याच दिवशी सुरू केलं होतं. मग का गेली?"

मी त्यांना आत बोलावलं आणि एका पिल्लाची मान उघडून दाखवली. या वयात श्वासनलिकेच्या दोन्ही बाजूंनी थायमस ग्रंथीची जाड, गुलाबी-पांढरी पट्टी असते. टी पेशी, म्हणजे संसर्गाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, तिथे तयार होतात. इथे बोटाला लागली ती एक बारीक, ओलसर दोरी. पाचही पिल्लांत तेच. जहाल स्ट्रेन लहान पिल्लांची थायमस अशी सुकवून टाकतात. औषध जिवाणूंना मारतं, रोखतं, पण उरलेलं काम पिल्लाच्या स्वतःच्या पेशींनी करायचं असतं, आणि त्या जिथून यायच्या तीच जागा ओस पडलेली.

काकांनी बराच वेळ त्या दोरीकडे बघितलं. "म्हणजे आमचं चुकलं नाही," एवढंच बोलले. नाही चुकलं, काका. मी तेव्हाही म्हणालो, इथेही लिहून ठेवतो.

घाईच्या शवविच्छेदनात आपण छाती उघडतो, फुफ्फुस घेतो आणि थांबतो. मीही कित्येक वर्षं तेच केलं. मानेवर आणखी एक काप द्यायला दोन मिनिटं लागतात. नमुन्यांच्या फॉर्मवर फुफ्फुस, टॉन्सिल, लसिका ग्रंथी असे रकाने छापलेले होते. थायमसचा नव्हता. मी खाली मोकळ्या जागेत पेनाने लिहिलं, आणि पाच तुकडे वेगळ्या बाटलीत फॉर्मॅलिनमध्ये टाकले.