लंडनमधला पाच मतांचा मतदारसंघ

लंडनचे सुरुवातीचे दिवस टॉवर, ब्रिज, राजवाडा आणि प्रत्येक ठिकाणची रांग यातच गेले. गर्दीने जीव नकोसा झाला होता, त्याबद्दल जास्त लिहीत नाही. मला जायचं होतं फिन्सबरीला. मावसभाऊ तिकडे बरीच वर्षं राहतोय, तो म्हणाला, "ताई, तिथे बघायला काही नाहीये गं, नुसती ऑफिसं आणि घरं आहेत." म्हटलं तू चल तर.

३८ नंबरच्या बसने रोझबेरी अव्हेन्यूला उतरलो. समोरच लाल विटांचा फिन्सबरी टाऊन हॉल, दारावर लोखंड आणि काचेचं सुंदर छत, आणि बाहेरच्या भिंतीवर दादाभाई नौरोजींच्या नावाचा फलक. फलक साधाच आहे. पण मी त्याच्यासमोरून हललेच नाही, कारण तो आकडा डोक्यात होता: १८९२ च्या जुलैत ब्रिटिश संसदेच्या निवडणुकीत सेंट्रल फिन्सबरी मतदारसंघात लिबरल पक्षाच्या दादाभाईंना मतं २,९६१ आणि समोरच्या काँझर्व्हेटिव्ह पेंटन यांना २,९५६. फरक फक्त ५ मतांचा! आधी मोजले तेव्हा तर तीनच निघाला होता, फेरमोजणीत पाच झाला. लंडनच्या लोकांनी मग नौरोजीचं 'नॅरो मेजॉरिटी', म्हणजे निसटतं बहुमत, करून टाकलं.

भावाला हे काहीच माहीत नव्हतं, त्यामुळे तिथेच फुटपाथवर उभं राहून सगळं सांगितलं. दादाभाई तेव्हा ६६ वर्षांचे होते. त्याआधी १८८६ ला शेजारच्याच हॉबर्नमधून उभे राहून पडले होते, आणि १८८८ मध्ये पंतप्रधान लॉर्ड सॅलिसबरी एडिंबरोच्या भाषणात उघडपणे म्हणाले की इंग्लंडचा मतदार काळ्या माणसाला निवडून देईल असं काही मला वाटत नाही. देशाचा पंतप्रधान असं बोलतो आणि चार वर्षांनी घड्याळं बनवणाऱ्या, दागिने घडवणाऱ्या कारागिरांच्या या क्लर्कनवेल भागातले लोक जाऊन त्याच माणसाला मत देतात, हे मला फार मोठं वाटतं. बायकांना तर मतच नव्हतं, फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचा दादाभाईंना पाठिंबा होता पण त्या मत देऊ शकत नव्हत्या. कितीतरी गरीब पुरुषांनाही नव्हतं. म्हणजे जी काही थोडी मतं होती त्यातली ती पाच! त्यातल्या कुणा एकाला त्या दिवशी ताप आला असता, कुणाची कामावरून सुट्टी झाली नसती, तर? मला हे सांगताना खरंच भरून आलं, भाऊही गप्प झाला होता.

आणि निवडून गेल्यावर ते नुसते बसून राहिले नाहीत. आयसीएसची, म्हणजे भारतातले बडे सरकारी अधिकारी निवडायची, परीक्षा लंडनबरोबर भारतातही एकाच वेळी घ्यावी असा ठराव १८९३ मध्ये संसदेच्या कॉमन्स सभागृहात मंजूर झाला, त्यामागे त्यांचेच कष्ट होते. सरकारने तो बासनात गुंडाळून ठेवला, ती परीक्षा भारतात सुरू व्हायला १९२२ उजाडलं, आणि तोवर दादाभाई गेलेले होते. याचा मला अजून राग येतो. १८९५ ला लिबरलांचं पानिपत झालं त्यात दादाभाईही पडले.

टाऊन हॉलपासून थोडं चालून नौरोजी स्ट्रीटलाही गेलो. छोटीशी गल्ली आहे, पाटीवर फक्त नाव, हे कोण ते काही नाही. कुत्रा फिरवणाऱ्या एका आजोबांना विचारलं, त्यांना माहीत नव्हतं, पण त्यांनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले की आमच्याकडे नंतरही असंच काठावर लागायचं. परत येऊन बघितलं तर बरोबर होतं. १९१८ ला सेंट्रल फिन्सबरी मतदारसंघ गेला, हा भाग आता इझलिंग्टन साऊथ अँड फिन्सबरीत येतो. तिथे १९८३ ला लेबर पक्षाचे ख्रिस स्मिथ ३६३ मतांनी जिंकले, तेही लेबर सोडून एसडीपी या नव्या पक्षात गेलेल्या त्यावेळच्या खासदाराला हरवून. हेच स्मिथ पुढच्या वर्षी आपण गे आहोत हे स्वतःहून जाहीर सांगून मोकळे झाले. तरी १९८७ ला लोकांनी त्यांनाच निवडलं, फरक ८०५. २००५ ला एमिली थॉर्नबेरी ४८४ ने. २०१७ ला मात्र थेट वीस हजारांच्या वर, म्हणजे आता ती सेफ सीट झालीये. ज्याला बाकीचे नको म्हणतात त्याला थोडक्यात का होईना पण आत पाठवायचं, हे या भागाने दोनदा केलंय, आणि म्हणून मला हा भाग आवडला.

जेवायला एक्समाउथ मार्केटला गेलो. महाग आहे, दुपारी बसायला जागा मिळत नाही, डबा नेलात तर बरं.

मुंबईत फ्लोरा फाउंटनजवळ दादाभाईंचा पुतळा आहे, त्यांच्या नावाच्या रस्त्यावरून आपण रोज लोकलला पळतो, आणि लंडनला जाणाऱ्या आपल्या टूरवाल्यांच्या कार्यक्रमात मी फिन्सबरी कधीच बघितलं नाही. अर्ध्या दिवसाचं काम आहे हो. दक्षिण लंडनमधल्या अ‍ॅनर्लीला ते राहायचे ते घर आहे, २०२२ मध्ये त्यावर निळी पाटी लागली, तिकडे जायचं राहूनच गेलं, सगळा वेळ राजवाड्यांनी खाल्ला.